दुसऱ्या डिस्कला दार नव्हतं

‘मी आयटीत आहे’ हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून म्हणून बघा. शेजारच्या बाइकवाल्यांपैकी निम्मे ‘बरं, मग? आम्ही पण!’ अशा नजरेनं बघतील. आमच्या मालवणात मात्र या वाक्याचा अर्थ एकदम वेगळा होतो. ‘ह्येका कॉम्प्युटरातला सगळा कळता.’ झालं! मग गणपतीला घरी गेलं की आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात कुणाचा अडलेला प्रिंटर, कुणाचा हँग झालेला मोबाइल, कुणाच्या मुलीचा कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म... मी हे सगळं वर्षानुवर्षं निमूटपणे केलंय. त्यातलं निम्मं मला येत नव्हतं, हे आज सांगायला हरकत नाही. गंमत अशी, की जे मला नक्की येत होतं, ज्याच्याबद्दल सॉलिड कॉन्फिडन्स होता, त्याच एका गोष्टीनं माझी विकेट काढली. तीही बाबांसमोर.

बाबांचा मालवणात फोटो स्टुडिओ आहे. भरडावरून बाजाराकडे जाताना लागतो. ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यात सुरू झालेला, त्यामुळे मागच्या बाजूला डार्करूम होती. आम्ही तिला काळोखी खोली म्हणायचो. त्या खोलीचा नियम एकच. बाहेर लाल दिवा पेटलेला असेल, तर आभाळ कोसळलं तरी विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही. लहानपणी मी एकदाच उघडलं होतं. कुणाच्या तरी मुंजीचा अख्खा रोल गेला. बाबांनी मारलं नाही. फक्त तो काळा पडलेला रोल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘ह्या आता परत होऊचा नाय.’

बाकी बाबांची शिस्त म्हणजे काय सांगू! प्रत्येक निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि त्या नंबराची नोंद एका लांबड्या वहीत. तारीख, नाव, गाव, प्रसंग. पाकिटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. तुम्ही समुद्राकाठी राहत नसाल तर ही काळजी तुम्हाला अतीच वाटेल. आमच्याकडचं खारं वारं दाराची कडी खातं, पंख्याची पाती खातं, नव्याकोऱ्या बाइकचा सायलेन्सर दोन पावसाळ्यांत खातं. निगेटिव्ह काय चीज आहे?

मग डिजिटल आलं. पाकिटं गेली, डबे रिकामे झाले. फोटो आधी सीडीवर, मग डीव्हीडीवर आणि शेवटी सगळ्यांसारखेच हार्ड डिस्कवर जाऊन बसले. वही मात्र चालू राहिली. नंबराच्या जागी फोल्डरचं नाव आलं, एवढंच. आणि २०१३ मध्ये ती हार्ड डिस्क गेली. एका सीझनची लग्नं तिच्याबरोबर गेली. ज्यांचे अल्बम द्यायचे राहिले होते त्यांच्या घरी बाबा एकेक करून गेले, पैसे परत दिले. एका घरात त्यांना कुणी ‘बसा’सुद्धा म्हटलं नाही. हे मला आईनं फोनवर सांगितलं. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून २०१४ च्या गणपतीला मी बॅगेत एक-एक टेराबाइटच्या दोन डिस्क घेऊन उतरलो. हीरो एकदम!

फंडा सोपा होता. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक पेपर प्रसिद्ध केला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधा, असं त्यांचं म्हणणं. त्याला त्यांनी नाव दिलं रेड. त्याच्या आद्याक्षरांतला ‘आय’ मुळात ‘इनएक्स्पेन्सिव्ह’मधला, म्हणजे स्वस्तातला. पुढे त्याचा ‘इंडिपेन्डन्ट’ झाला. (स्वस्त म्हणून डिस्क विकायला कुठल्या कंपनीला आवडेल?) त्यातला सगळ्यात साधा प्रकार म्हणजे रेड-वन, मिररिंग. एका डिस्कवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तर दुसरी आहेच. यासाठी महागडं कार्ड घेता येतं, नाहीतर लिनक्स हे काम फुकटात करतं, निव्वळ सॉफ्टवेअरमधून. फोटोशॉपचं विंडोज मशीन पुढच्या टेबलावर राहिलं. काळोख्या खोलीत एक जुना डबा ठेवून त्यात मी दोन डिस्क बसवल्या, डेबियन लिनक्स चढवलं, मिरर बांधला. पुढच्या मशीनवरून सेव्ह केलेला प्रत्येक फोटो मागच्या दोन्ही डिस्कवर. ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच मिररवर.

बाबांनी दोन्ही डिस्कवर मार्करनं नावं घातली. ‘थोरली’ आणि ‘धाकली’. मग सगळं नीट ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला.

‘आणि थोरली गेली काय धाकली आपणहून उठतली?’

‘उठतली,’ मी म्हटलं.

हा प्रश्न लक्षात ठेवा. जगातल्या भल्याभल्या सिस्टिम अ‍ॅडमिनना सुचत नाही असा हा प्रश्न आहे, आणि तो फिक्सरमध्ये हात बुडवून आयुष्य काढलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सुचला. उत्तर द्यायच्या आधी मी फक्त एवढंच करायला हवं होतं: मशीन बंद करायचं, थोरलीची केबल काढायची, मशीन चालू करायचं. दोन मिनिटांचं काम. पण तेवढ्यात शेजारच्या आळीतून आरतीला बोलावणं आलं. आणि खरं सांगायचं तर मला गरजच वाटली नव्हती. बाय द वे, मी आयटीत नेमकं काय करतो माहितीय? टेस्टिंग.

सात वर्षं तो डबा काळोख्या खोलीत बिनबोभाट चालला. आता मे २०२१.

ते दिवस आठवतात ना? दुसरी लाट. रोज सकाळी व्हॉट्सॲप उघडायची भीती वाटायची. जिल्हा ओलांडायचा तर ई-पास. दुकानं बंद, बाबांचा स्टुडिओही बंद. त्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. हे नाव म्यानमारनं दिलेलं, त्यांच्या भाषेत अर्थ पाल. १५ आणि १६ मेला ही पाल आमच्या किनाऱ्याला घासत वर सरकली आणि १७ च्या रात्री गुजरातला धडकली. घासून गेली तेवढ्यात आमच्याकडे माड आडवे झाले, आंबा-काजूची झाडं मुळासकट उपटली गेली, कौलं, पत्रे उडाले आणि विजेचे खांब रांगेनं झोपले. मोबाइलचा टॉवर बंद. पहिले दोन दिवस आई-बाबा कसे आहेत हेच मला कळत नव्हतं. मग कुणाच्या तरी फोनवरून चार शब्द बोलणं झालं. घर ठीक आहे, पडवीचे पत्रे गेले, लाइट नाही.

लाइट आली ती बऱ्याच दिवसांनी. तीही नीट नाही. येते, जाते, पिवळट होते, भगभगते, परत जाते. त्याच संध्याकाळी बाबांचा फोन.

‘फुडला मशीन चालू झाला. मागला होणा नाय.’

‘काय दिसतंय स्क्रीनवर?’

बाबांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. रीबूट करा, योग्य बूट डिव्हाइस निवडा, अशा अर्थाचं काहीतरी. माझ्या पोटात खड्डा पडला.

‘डबा उघडून कान लावा बाबा. आवाज येतोय का?’

‘थोरली टकटकता. धाकली गप फिरता हा.’

थोरली गेली होती. टकटकणारी डिस्क म्हणजे आतलं डोकं जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. पण धाकली तर व्यवस्थित फिरत होती! तिच्यावर सगळं होतं. मग मशीन उठत का नाही?

‘तू म्हणालेलंस ना, आपणहून उठतली म्हणान?’ बाबांनी हे रागानं विचारलं नाही. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, यात मजा आहे.

मशीनचं बटण दाबता तेव्हा लिनक्स, विंडोज वगैरे कुणीच जागं नसतं. जागा असतो फक्त मदरबोर्डच्या चिपमध्ये बसलेला एक छोटा प्रोग्रॅम, बायॉस. जुन्या मशीनवरचा हा बायॉस म्हणजे फारच कमी शिकलेला रखवालदार. त्याला फाइल म्हणजे काय माहीत नाही, फोल्डर माहीत नाही. त्याला एवढंच येतं: पहिल्या डिस्कचं पहिलं पान उघडायचं, म्हणजे सुरुवातीचे ५१२ बाइट, आणि तिथे जे लिहिलंय ते करायचं. त्यातही प्रोग्रॅमसाठी जागा जेमतेम ४४६ बाइटची. त्या चिमुकल्या जागेत ग्रब नावाच्या बूट लोडरचा पहिला तुकडा बसतो. तो पुढच्या तुकड्याला उठवतो, पुढचा तुकडा लिनक्सला उठवतो, आणि लिनक्स उठलं की मग ते सगळ्यांना उठवतं. ‘बूट’ हा शब्दच आपल्या बुटांच्या नाड्या धरून स्वतःला वर उचलण्याच्या जुन्या इंग्रजी गमतीतून आलाय.

गोची इथेच. मिरर ही लिनक्सची कला. लिनक्स जागं असेल तर मिरर आहे. ते जागं होण्याआधी मिरर नावाची गोष्ट जगात नाही, बायॉसला तर ती कधीच कळणार नाही. शिवाय आपण मिरर करतो तो डिस्कवरच्या पार्टिशनचा, आणि हे पहिलं पान पार्टिशनच्या बाहेर असतं. म्हणजे आत लिहिलेला फोटो न फोटो धाकलीवर आपोआप उतरत होता. ते पहिलं पान मात्र कुणीच उतरवून घेत नव्हतं. २०१४ मध्ये इन्स्टॉलरनं ग्रब एका डिस्कवर लिहिला. थोरलीवर. दुसरीवरही लिही, असं मी वेगळं सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही.

आमचा सिंधुदुर्ग किल्ला बघितलाय? १६६४ मध्ये महाराजांनी बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. एक आटली तरी दोन आहेत. (रेडचा पेपर नंतर आला हो!) पण त्याची खरी करामत म्हणजे दरवाजा. तो बुरुजांच्या आड असा दडवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. माझ्या धाकलीची अवस्था याच्यापुढची होती. आत तट शाबूत, विहिरी भरलेल्या, माणसं सुखरूप. फक्त मी दरवाजाच बांधला नव्हता.

नवीन मशीन घेतलं की हा प्रॉब्लेम सुटला, असं समजू नका. यूईएफआयवाला रखवालदार जरा शिकलेला आहे, त्याला एक छोटं पार्टिशन वाचता येतं. पण तेही एकाच डिस्कवर असेल तर कथा हीच. मिरर त्यालाही कळत नाही.

त्या संध्याकाळी हे सगळं मला शांतपणे सुचलं असं नाही. कारण बाबांनी पुढे सांगितलं, की त्यांना एक फोटो हवा होता, आणि तो परवापर्यंत.

आमच्या ओळखीचे एक दशावतारी काका होते. जत्रांमधून आयुष्यभर स्त्रीपार्ट केले. द्रौपदी, तारामती. पुरुषासारखा पुरुष, पण स्वतःच्या हातानं रंग लावून उभे राहिले की पुढच्या ओळीतल्या बायका पदर सावरून बसायच्या. लाटेत ते गेले. आठवडाभरात. शेवटचं दर्शनसुद्धा घरच्यांना धड मिळालं नाही. परवा त्यांचं तेरावं होतं, आणि भिंतीवर लावायला फोटो नव्हता.

म्हणजे फोटो शेकड्यानं होते. लोकांच्या मोबाइलमध्ये, फ्लेक्सवर, मंडळाच्या हँडबिलावर. पण सगळे रंग लावलेले, शालूतले, नथीतले. त्यांच्या मुलीनं बाबांना फोन करून सांगितलं होतं, की मला माझ्या बापाशीचो स्वतःचो चेहरो होयो. रंगाशिवायचा चेहरा फक्त आधार कार्डावर होता, आणि आधार कार्डावरचा फोटो जिवंतपणी कुणाला बघवत नाही तिथे तेराव्याला कोण लावणार? बाबांना मात्र आठवत होतं. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा फॉर्म भरायचा म्हणून काका एकदा स्टुडिओत आले होते, पासपोर्ट फोटो काढायला. वहीत नोंद सापडली. २०१६, फोल्डरचं नाव, फोटो चार. सगळं वहीत होतं. फोटो धाकलीवर होता.

मी म्हटलं, मी येतो. बाबा म्हणाले, पास मिळेपर्यंत तेरावं होऊन जाईल. बरोबर होतं. चिपीचा विमानतळही तेव्हा सुरू व्हायचा होता. तो ९ ऑक्टोबर २०२१ ला झाला. आणि पुण्यातून येऊन त्या दोघांच्या घरात काय घेऊन जाईन, ही भीती होतीच.

रात्री साडेदहाला परत फोन. माझा चुलतभाऊ मदतीला आला होता. गुणी मुलगा, उत्साही. त्यानं धाकली डब्यातून काढली, यूएसबीच्या एका खोक्यात घातली आणि पुढच्या विंडोज मशीनला लावली. बरं, विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही. अशा वेळी ते बऱ्याचदा काय करतं? ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?’ असं सभ्यपणे विचारतं. खाली बटण. तो बटण दाबणार होता. त्याची काही चूक नाही, मशीनच तसं सांगत होतं.

बाबांनी त्याचा हात धरला.

‘मी म्हटलंय, थांब. इचारल्याशिवाय दार उघडूचा नाय.’

फोनवर हे ऐकून मी दोन मिनिटं खुर्चीतून उठलोच नाही.

मग कामाला लागलो. बाबांना म्हटलं, लिनक्स घालताना मी जो पेन ड्राइव्ह वापरला होता तो मिळेल का? बाबांना प्रश्नच विचित्र वाटला. मिळेल का म्हणजे? बिस्किटांच्या डब्यात, पाकिटात, सिलिका जेलसह होता. पाकिटावर तारीख, माझं नाव आणि ‘मागच्या मशीनचा’. माझ्या पुण्यातल्या घरात परवा आणलेली चार्जरची केबल सापडत नाही!

इकडे मी लॅपटॉपवर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये तोच जुना डेबियन चढवला, दोन खोट्या डिस्क लावल्या. बाबांना जे दिसेल ते मला दिसावं म्हणून. आणि एकदा पहिली डिस्क काढून मशीन चालू करून बघितलं. काळा स्क्रीन. बूट डिव्हाइस नाही. बरोब्बर दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट होती. धाकली परत डब्यात बसवली, थोरलीची केबल काढली, पेन ड्राइव्ह लावला. बूट मेनूतून पेन ड्राइव्ह निवडायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, कारण ती की योग्य क्षणी दाबावी लागते आणि बाबा कुठलीही गोष्ट सावकाश करतात. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘रेस्क्यू मोड’.

‘कंट्री इचारता. इंडिया मारू?’

‘मारा.’

‘होस्टनेम म्हणजे काय?’

‘कायपण लिहा बाबा, फरक पडत नाही.’

‘कायपण कसा?’ त्यांनी स्टुडिओचं पूर्ण नाव टाइप केलं. त्यातली जागा मशीनला चालेना. ती काढायला पाच मिनिटं गेली. मी गप्प बसलो. सात वर्षांपूर्वीच्या दोन मिनिटांपुढे मला घाई करायचा हक्क नव्हता.

मग ते पान आलं. ‘असेम्बल रेड अ‍ॅरे’. ऑटोमॅटिक. बाबांनी एंटर मारलं आणि मी श्वास रोखला. अर्धा मिरर असला तरी लिनक्स तो उभा करतं, हे मला माहीत होतं. पण माहीत तर मला सगळंच होतं.

‘एमडी झीरो म्हणता हा,’ बाबा म्हणाले.

आहे! धाकली आतून शाबूत होती. यापुढचं काम म्हणजे ‘रीइन्स्टॉल ग्रब बूट लोडर’. पण कुठल्या डिस्कवर? इथे आणखी एक खड्डा होता. थोरली नसल्यामुळे नावं सरकली होती. एसडीए कोण आणि एसडीबी कोण, धाकली की पेन ड्राइव्ह, हे सांगता येत नव्हतं. मी बाबांना शेल उघडायला लावून एक ओळ टाइप करवली. ‘कॅट’, जागा, तिरकी रेघ, ‘प्रॉक’, तिरकी रेघ, ‘पार्टिशन्स’. आकड्यांची यादी आली. मोठा आकडा कुणासमोर आहे ते वाचा म्हटलं. बाबांनी बोटानं ओळ धरून वाचलं असणार, कारण मध्ये बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मोठा आकडा एसडीएसमोर होता. तेच नाव दिलं. एंटर.

तेवढ्यात लाइट गेली.

यूपीएसची बॅटरी वादळाच्या आधीच मेलेली. बाबा काही बोलले नाहीत, मीही नाही. चाळीस मिनिटांनी लाइट आली, आणि कंट्री इंडियापासून सगळं पुन्हा. या वेळी होस्टनेमला बाबांनी जागा सोडली नाही.

ग्रब बसला. पेन ड्राइव्ह काढला. मशीन बंद, चालू.

‘काय दिसता?’ माझ्याही तोंडून मालवणीच निघालं.

‘खूप ओळी पळतत... थांबल्यो. लॉगिन म्हणता.’

धाकली उठली होती. सात वर्षांत पहिल्यांदा एकटी.

आता कुणीही शहाणा माणूस सांगेल, की आधी सगळ्याची कॉपी काढा. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच खाऱ्या हवेत सात वर्षं सारख्याच फिरलेल्या. थोरलीचं वय झालं म्हणजे धाकलीचंही झालं. पण बाबांनी आधी तो एकच फोल्डर पुढच्या मशीनवर घेतला, फोटो उघडला आणि मला व्हॉट्सॲप केला. पासपोर्ट फोटो. निळी पार्श्वभूमी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. केस थोडे लांब, मागे चापून बसवलेले. काका कॅमेऱ्याकडे असे बघत होते, की जणू एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांना रंगाशिवाय बघतंय. हसले नव्हते. बाबांनी ‘हसा’ म्हटलं होतं म्हणे. काका म्हणाले होते, सरकारचो फॉर्म हा, हसलंय तर मानधन देवचे नाय.

आठ बाय बाराचा प्रिंट निघाला. फ्रेमवाला बंद होता, म्हणून बाबांनी घरातल्या एका निसर्गचित्राची फ्रेम काढून दिली.

त्यानंतरचे दोन दिवस कॉपी चालू होती. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी त्या दोन दिवसांत बाबांना समजावलं. वाईट फाइल लिहिली तर दोन्हीकडे वाईटच लिहिली जाते, चुकून काही पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं, आणि स्टुडिओत पाणी शिरलं तर दोघी बहिणी एकत्रच बुडतात. ‘मगे ह्या तू २०१४ तच सांगूचा नाय?’ एवढंच म्हणाले. आणखी एक. एखादी डिस्क गळली की लिनक्स मेल पाठवतं. म्हणजे थोरली मरायच्या आधी अडखळत असेल तर तसा मेल आलाही असेल. पण तो जातो त्याच मशीनवरच्या ‘रूट’ नावाच्या युजरला, आणि आमच्या स्टुडिओत रूट नावाचं कुणी कामाला नाही.

त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. मी दोन नव्या डिस्क घेऊन गेलो, या वेळी दोन वेगळ्या कंपन्यांच्या. नुकतंच आलेलं डेबियन ११ चढवलं, ग्रब दोन्हीवर घातला आणि एक तिसरी कॉपी कणकवलीला आत्याकडे ठेवली, समुद्रापासून लांब. नव्या डिस्क पहिल्यांदा एकमेकींशी जुळायला कित्येक तास लागतात. स्क्रीनवर टक्के मुंगीच्या पावलानं सरकत असतात. जुळल्या की कंसात दोन ‘यू’ दिसतात, एक गळली की एका ‘यू’च्या जागी नुसती रेघ. बाबांना हे फार आवडलं. ते जेवता जेवता मधूनच उठून टक्के बघून येत होते.

रात्री दोन्ही ‘यू’ आले. शेजारून आरतीचं बोलावणंही आलं.

‘जावया?’ मी विचारलं.

‘थांब,’ बाबा म्हणाले. त्यांनी मशीन बंद केलं, डबा उघडला आणि थोरलीची केबल स्वतःच्या हातानं उपसली. बटण दाबलं. आम्ही दोघं काळोख्या खोलीत उभे. ओळी पळाल्या, लॉगिन आलं. मग थोरली परत जोडली. मधल्या वेळात जे बदललं तेवढंच ती उतरवून घेते, पण ती बरोबरीला येईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. हा नियम मी सांगितला, बाबांनी मान डोलावली. दोन ‘यू’ परत दिसल्यावर त्यांनी धाकलीची केबल उपसली. पुन्हा बटण. पुन्हा लॉगिन.

आरती चुकली. बाबांनी लांबडी वही काढली, त्यात तारीख घातली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. थोरली काढून – उठली. धाकली काढून – उठली. मग पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘सही कर.’